पहाटेचा रकाना

वेळापत्रक आखण्यात जे सुख आहे ते वेळापत्रक पाळण्यात नाही. शाळेच्या वयात ज्यांनी दिवाळीच्या सुटीचा अभ्यास आखून पाहिला असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. सुटी लागली की पहिल्याच दिवशी आपण एक पाठकोरा कागद घेतो, पट्टीने रेघा मारतो, उभे-आडवे रकाने पाडतो आणि पहिल्या रकान्यात मोठ्या उमेदीने ‘पहाटे ५’ असे लिहितो. कागद खळीने भिंतीला चिकटवून झाला की निम्मा अभ्यास झाल्यासारखेच वाटते. मग किल्ला असतो, फराळ असतो, आतेभावंडे आलेली असतात. भाऊबीज उलटून गेल्यावर केव्हातरी त्या कागदाकडे लक्ष जाते, तेव्हा त्याच्यावर चकलीच्या तेलाचा डाग पडलेला असतो.

मी मात्र त्यांतला नव्हतो. मी वेळापत्रक पाळणारा मुलगा होतो. असा मुलगा घरातल्या वडीलधाऱ्यांना फार आवडतो आणि बरोबरीच्यांना मुळीच आवडत नाही. पाच म्हणजे पाच, साडेसहा म्हणजे साडेसहा. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे जग जागरण करीत असताना मी नऊ वाजता पांघरूण ओढून झोपत असे. आजकाल या गुणाला ‘वेळेचे व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. आमच्या वेळी त्याला नुसतेच ‘शिस्तीचा मुलगा’ म्हणत. ही शिस्त आपली स्वतःची कमाई आहे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. ती समजूत उतरली ती सूरजागडला.

१९९१ साली शिक्षक म्हणून माझी नेमणूक गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत झाली. मी सातारकडचा. गडचिरोली हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा, एवढीच त्या मुलखाची माझी माहिती. बल्लारशाला आगगाडीतून उतरायचे, एस.टी.ने आलापल्ली, तेथून एटापल्ली, आणि मग जंगलातली वाट. दोन्ही बाजूंना साग, ऐन, मोह, बांबू. पुढे सूरजागडचा डोंगर दिसू लागतो. हा डोंगर लोखंडाचा आहे, हे मला तिथल्या एका मुलाने पहिल्याच आठवड्यात सांगितले. त्याने एक दगड माझ्या हातावर ठेवला. दिसायला मुठीएवढा, पण हात खाली गेला. तो हसला.

शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. त्या तालुक्यात आगगाडी नाही, पण शाळेत रूळ होता. मी त्याच्यावर लोखंडी दांडक्याने ठोके देई, आणि ते डोंगरापर्यंत जाऊन परत येत. मला वाटे, आपण या रानाला वेळ शिकवीत आहोत.

रान काही शिकत नव्हते. माझ्या वर्गातली बहुतेक मुले माडिया. ‘किती वाजता निघालास?’ असे विचारले तर मुलगा तोंडाने उत्तर न देता हात वर करून आभाळातली एक जागा दाखवी. सूर्य तिथे होता तेव्हा तो निघाला होता. आंबा पाडाला आला म्हणून कोणी तोडीत नसे. गावाचा मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण झाला की मगच आंबा तोंडात. पेरणीच्या आधी बियाण्याचा सण, विजा पंडुम. प्रत्येक कामाला तिथे वेळ होती, नव्हते फक्त घड्याळ. मला एवढा फरक कळायला दोन वर्षे लागली. पहिल्याच जानेवारीत मी ठाकूरदेवाच्या यात्रेच्या दिवशी गणिताची चाचणी ठेवली होती. जानेवारीच्या सुरुवातीला सूरजागडच्या डोंगरावर ही यात्रा भरते आणि इलाख्यातल्या ७० गावांची माणसे तिला येतात. त्या दिवशी वर्गात मी होतो आणि फळा होता. चाचणी आम्ही दोघांनीच दिली.

१९९३ साली माझ्याकडे दहावीचा वर्ग आला. शाळेत राहणाऱ्या मुलांबरोबर जवळच्या टोल्यांवरची काही मुले रोज घरून येत. सरकारी कागदात त्यांना ‘बहिःस्थ’ म्हणतात. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. फेब्रुवारीच्या शेवटी मी तीन रंगांच्या शाईने एक मोठे वेळापत्रक केले आणि वर्गाच्या दाराशेजारी लावले. पहिला रकाना ‘पहाटे ५ ते ६.३०, गणित’. हा जादा वर्ग मी स्वतः घेणार होतो. मुलांना हुरूप यावा म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांना बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. परळच्या चाळीतली एकच खोली. माणसे, सामान, चूल, सारे तिच्यातच. वडील, रामजी सुभेदार, मुलाला लवकर निजायला लावीत आणि रात्री दोन वाजता उठवीत. मग तो मुलगा मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचीत बसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला आणि पुढे काय झाला हे सांगायला नकोच. ‘तेव्हा’, मी म्हटले, ‘दोनला उठा असे मी म्हणत नाही. पाचला तर उठाल?’

मुलांनी माना हलविल्या.

पहिले काही दिवस वर्ग भरला. मग होळी जवळ आली आणि टोल्यांवरून येणारी मुले पहाटेची येईनाशी झाली. एके दिवशी मी वेळापत्रकाकडे पाहिले तर पहिल्या रकान्यात, माझ्या तांबड्या शाईतल्या ‘गणित’ शब्दाखाली, कोणीतरी पेन्सिलीने एक शब्द लिहिलेला होता: ‘मोहा’.

मला राग आला. मी रबर घेऊन तो शब्द खोडला. ‘कोणी लिहिले?’ म्हणून विचारले. कोणीच बोलले नाही. मग मी हजेरीतून पाहून पहाटेच्या वर्गाच्या यादीतली तीन नावे काढून टाकली. दोन मुलगे आणि एक मुलगी. ‘ज्यांना वेळेची किंमत नाही त्यांच्यासाठी मी झोपमोड करणार नाही’, असे काहीसे बोललोही. वाक्य मला त्या वेळी चांगले वाटले होते.

ती मुलगी दुपारी एकटी माझ्यापाशी आली. तिचे नाव मी येथे देत नाही, कारण ती वाचणारी आहे आणि रागावणारीही आहे.

“सर, मोहा पडून राहिला न.”

“मग?”

“मग सकाळी नाही येता येत. दुपारी घ्या न गणित.”

“दुपारी वेळापत्रकात भूगोल आहे”, मी म्हणालो.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “तुम्ही एक दिवस या न सर. पाहा.”

मी गेलो तो तिचे म्हणणे पटवून घ्यायला नव्हे, मोडून काढायला. साडेतीनला उठलो. तिची आई, धाकटा भाऊ आणि ती, तिघेही टोपल्या घेऊन निघालेली होती. आईच्या हातात पेटता टेंभा, कारण मोहाच्या वासाला अस्वलही येते. रानात प्रत्येक घराची मोहाची झाडे ठरलेली असतात. यांची पाच होती. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा काळी, स्वच्छ करून ठेवलेली. त्या काळ्या जमिनीवर फुले पडत होती. टप्. टप्. जाड, रसाळ, फिकट पिवळी फुले. वास इतका दाट की पोटात काही न जाता जिभेवर गोडी यावी.

तिघेही वाकली आणि वेचू लागली. मीही वाकलो. अर्ध्या तासात माझी कंबर भरून आली, टोपलीचा मात्र तळही झाकला नव्हता. जरा वेळाने माझ्या कानावर काही शब्द येऊ लागले. ती मुलगी वेचता वेचता पुटपुटत होती. ‘अ वर्ग, अधिक दोन अ ब, अधिक ब वर्ग.’ एका मुठीला अ वर्ग, दुसऱ्या मुठीला दोन अ ब, तिसऱ्या मुठीला ब वर्ग, आणि तिन्ही मुठी टोपलीत. मग पुढचे सूत्र. ती चुकली की भाऊ हसे. त्याला बीजगणित येत नव्हते, पण ओळ चुकल्याचे त्याच्या कानाला कळत होते.

उजाडले. ऊन झाडाच्या शेंड्यावर आले तशी आईने गडबड केली. माडियातून ती काही बोलली. मुलीने मला सांगितले, “आता गाई सुटतीन. शेळ्या येतीन. रात्री हरणं खातेत, दिवसा शेळ्या. मधातलं तेवढं आमचं.”

परत येताना तिने मला तिचा दिवस सांगितला. तक्रार म्हणून नव्हे. मी विचारले म्हणून. पहाटे मोहा. मग शाळा. घरी गेल्यावर अंगणात वाळत घातलेला मोहा परतायचा आणि शेळ्या हाकायच्या. तेव्हा इतिहास, कारण इतिहास मोठ्याने वाचला की शेळ्या दूर राहतात. पाणी आणताना कविता. रात्री कंदिलाला तेल असेल तर विज्ञान, नसेल तर झोप. आणि वाळलेला मोहा विकून मीठ, तेल, कपडे, तिच्या वह्या. मोहा संपला की तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा. शंभर पुड्यांची पाने किती, हे तिने चालता चालता मला विचारले आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकले.

शाळेच्या वळणावर ती थांबली. म्हणाली, “गणित दुपारी बी तसंच राह्यते न सर. मोहा नाही राहत.”

या वाक्यावर मी गेली तीस वर्षे विचार करीत आलो आहे. वेळापत्रक आखताना सगळे तास सारखे, अशी आपण समजूत करून घेतो. कागदावर ते सारखे दिसतात, कारण रकाने आपणच पट्टीने सारखे पाडलेले असतात. पण तास सारखे नसतात. काही कामे थांबतात आणि काही कामे थांबत नाहीत. जे थांबत नाही त्याला आधी त्याचा तास द्यायचा, आणि जे थांबते ते उरलेल्या जागेत, शेळ्या हाकता हाकता का होईना, पण रोज बसवायचे. एवढी साधी गोष्ट त्या सोळा वर्षांच्या मुलीला माहीत होती आणि मला नव्हती. ती माहीत व्हावी अशी वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. माझ्या पहाटे पाचला घरात कोणी तरी आधीच उठून चहा ठेवीत असे. माझी शिस्त निम्मी माझ्या आईची होती.

आणि मग मला बाबासाहेबांची गोष्ट आठवली, जी मीच चुकीची सांगितली होती. तिच्यातले मोठेपण दोन वाजण्यात नव्हते. त्या खोलीत दिवसभर माणसांचा वावर. एकाला बसून वाचायचे तर दुसऱ्याला निजायला जागा हवी. म्हणून रामजी सुभेदार स्वतः दोन वाजेपर्यंत जागत, मुलाला उठवीत आणि मग आपण आडवे होत. खोली मोकळी होण्याची वेळ दोन होती, म्हणून अभ्यासाची वेळ दोन. त्या बापाने घड्याळ नाही पाहिले, खोली पाहिली. मी मुलांना घड्याळ सांगितले आणि खोली सांगायची राहिली.

त्याच दिवशी मी जादा वर्ग दुपारी आणला. मुख्याध्यापकांनी हरकत घेतली नाही. भूगोल संध्याकाळी गेला. पृथ्वीला त्याने काही फरक पडला नाही. खोडलेली तीन नावे मी पुन्हा लिहिली. मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली. ते दोन मुलगे आले नाहीत. मी त्यांच्या टोल्यावर दोनदा गेलो. एकदा ते रानात गेले होते. दुसऱ्यांदा घरी होते, पण माझ्याशी बोलले नाहीत. ‘तुमची नावे पुन्हा लिहिली आहेत’, असे मी म्हणालो. त्यांतला एक खाली पाहत काठीने माती उकरीत राहिला. ते परीक्षेला बसले नाहीत. मोहा हे कारण सगळे सांगत. मला मात्र मोहा आणि ते यांच्या मध्ये माझे एक वाक्य दिसत असे, जे मला चांगले वाटले होते.

मुलगी परीक्षेला बसली. तालुक्याच्या गावी मुक्काम करून पेपर द्यायचे. तेवढे दिवस पाचही झाडे आई आणि भावाने सांभाळली. गणितात ती पास झाली. इंग्रजीत गेली. नापास झालेल्यांची परीक्षा त्या वेळी ऑक्टोबरमध्ये होई, आणि ऑक्टोबर म्हणजे हलके धान कापणीला येण्याचे दिवस. बोर्डाने परीक्षेला वर्षातले दोन महिने निवडले होते, एक मोहाचा आणि एक धानाचा. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. कागदावर रेघा मारणारा जिथे बसतो तिथून मोहाचे झाड दिसत नाही, एवढेच.

या खेपेला मी आधीच विचारले, “धान केव्हा कापायचे?”

तिने सांगितले. पेपर नेमका त्याच आठवड्यात. मी वेळापत्रकात काही बदल सुचवणार इतक्यात ती म्हणाली, “झालं न सर. आमच्या गावच्या पोरी येऊन राहिल्या. आधी आमचं कापतीन, मग मी आल्यावर त्यांचं.” त्या गावात एकाच्या शेतावर सगळ्यांनी राबायचे आणि मग दुसऱ्याच्या, ही जुनी रीत आहे. वेळ उसना मिळतो हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. ती इंग्रजीत पास झाली. आल्यावर तिने त्यांचे धान कापले.

मी पुढे बदली होऊन गेलो, निवृत्त झालो. सूरजागड बदलले. त्या डोंगरावर २००७ साली खाणीचा पट्टा दिला गेला, २०१६ साली खोदकाम सुरू झाले, मध्ये खंडले, आणि २०२१ पासून ते मोठ्या प्रमाणावर चालू आहे. मागच्या वर्षी मी गेलो तेव्हा एटापल्लीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती आणि झाडांची पाने तांबडी झालेली होती. ज्या डोंगराचा एक दगड माझ्या हाताला जड झाला होता, तो डोंगर आता चाकांवरून जात होता. गावातली काही मुले खाणीवर पाळीने कामाला जातात. कोणाला पगार मिळाला, कोणाचे रान गेले. याचा जमाखर्च मांडण्याचा अधिकार तिथल्या माणसांचा आहे. मला एवढेच दिसले की आता तिथे वेळ विचारली तर मुले हात वर करीत नाहीत, खिशात घालतात.

माझी विद्यार्थिनी आता अंगणवाडी चालवते. तिची मुलगी गडचिरोलीला, २०११ साली निघालेल्या गोंडवाना विद्यापीठात शिकते. सुटीला घरी आली होती. आईने सांगितले म्हणून तिने मला तिच्या मोबाईलमधले वेळापत्रक दाखविले. रकाने होते, आणि गंमत अशी की रंगही तेच तीन. तास भरला की तो वाजतो.

“सगळं पाळते का?” मी विचारले.

“नाही सर”, आईच म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

मुलीने बोटाने महिने पुढे सरकवले. मार्च आला. पहाटेचे रकाने तिने रिकामे ठेवले होते. मी विचारले नाही. अंगणात एका जुन्या साडीवर काही वाळत घातले होते आणि एक शेळी बेताबेताने त्याच्याकडे सरकत होती. आईने न उठताच तिला हाकलले, इतिहास न वाचता.

त्या वर्षीचा तो तीन शाईंचा कागद बदलीच्या वेळी मी भिंतीवरून काढून आणला. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. तांबडी शाई आता विटली आहे. पण पहिला रकाना उजेडात तिरपा धरला तर रबराने न गेलेला पेन्सिलीचा वळ अजून वाचता येतो. अक्षर कोणाचे, हे मी त्या दोघीपाशीही विचारले नाही. ते मुलीचे असेल, किंवा त्या दोन मुलग्यांतल्या एकाचे. दिवाळीत खण आवरायला काढला की मी तो कागद एकदा खिडकीशी नेतो, आणि पुन्हा घडी घालून ठेवतो.